फरशीखाली गेलेलं झाकण

त्या सकाळी आमच्या मोरीत जे पाणी वर आलं ते पिवळं होतं. वर तेलाचा तवंग आणि त्यात जळक्या शेवेचे काळे तुकडे. आमच्या घरात त्या आठवड्यात कढई चढलीच नव्हती. नवरा सहाच्या बसनं शाळेवर गेलेला. मी नुकतेच केस धुतले होते, ऑफिसला उशीर होत होता, आणि घोट्यापर्यंत दुसऱ्याच्या घरचं पाणी. मी तशीच ओल्या केसांनी बोळातून पुढच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिले.

पुढची बाई परातीत बेसन भिजवत बसली होती. कोपरापर्यंत हात पिवळे.

"वहिनी, तुमचं पाणी आमच्या मोरीत येऊन राह्यलं."

तिनं मान वर केली नाही. "आमचं काऊन म्हणता? पाण्यावर नाव लिहिलं हाये काय?"

"शेव हाये त्याच्यात."

"शेव साऱ्या आदिलाबादेत भेटते, मॅडम."

ती मला सुरुवातीपासून मॅडम म्हणे. सरकारी कचेरीत मी नकला देण्याच्या टेबलावर कारकून आहे. लोक दरखास्त देतात, मी जुन्या कागदांची नक्कल काढून देते. तिच्या तोंडात ‘मॅडम’ हा शब्द कसा येई ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. त्यात मान नव्हता.

उटनूरहून माझी बदली झाली तेव्हा आम्ही हे घर घेतलं. एकाच माणसानं एका प्लॉटवर दोन घरं बांधली होती, पुढचं रस्त्यावर, मागचं आमचं. मागचं घर थोडं खोलात आहे. दोन्ही घरांच्या संडासांच्या टाक्या वेगळ्या, पण मोरीचं आणि भांड्यांचं पाणी एकाच पाइपातून जातं. तो पाइप आमच्या मोरीतून निघून बोळाखालून रस्त्याच्या नालीपर्यंत जातो. बोळाच्या मध्यावर एक चेंबर आहे, दोन फूट लांब-रुंद, त्यावर सिमेंटचं झाकण. पुढच्या घराचं पाणी तिथं येऊन मिळतं. म्हणजे चेंबरच्या पुढे पाइप तुंबला की पाणी रस्त्याकडे जात नाही, पुढच्या उंच घरातही चढत नाही. ते उलटं फिरून आमच्याकडे येतं.

पुढच्या घरात तिघं जण. दादांचं बाजारात किराणा दुकान. त्यांची बायको घरी शेव-चिवडा करून दुकानाला पुरवते. दादांचे वडील, दादाजी, कापसाच्या बाजारात मापारी होते, आता बोळात खुर्ची टाकून बसतात. त्या घरात माझ्याशी सरळ बोलणारे ते एकटे. मी ऑफिसातून आले की विचारायचे, "आली काय, बाई? गर्दी होती काय आज?"

दोन वर्षांपूर्वी दादांनी बोळात फरशी बसवली, शेवेचे ट्रे गाडीवर नीट नेता यावेत म्हणून. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा गवंडी शेवटच्या ओळीवर होता आणि झाकण फरशीखाली गेलं होतं.

"दादा, झाकण?"

"लागलं तं काहाडू न," ते म्हणाले.

आता ते लागलं होतं, आणि काढायला कोणी तयार नव्हतं.

नवरा संध्याकाळी आला. त्याचा स्वभाव शांत आहे, मला राग येण्याइतका शांत. तो मोरीजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "आधी अडलं कुठं ते पाहू." मला कुठं अडलंय ते पाहायचं नव्हतं. कोणी अडवलंय ते मला माहीत होतं, आणि तेवढं मला पुरेसं होतं. पुढचे पंधरा दिवस मी त्या पाइपात जे जे ओतलं आणि खुपसलं ते सगळं त्याच रागानं.

आधी रबरी पंप आणला. दाबला की बुडबुडे येत, थोडं पाणी उतरे, तासाभरानं पुन्हा तितकंच. मग पातेलंभर उकळतं पाणी. त्यानं वरचं तेल पातळ होऊन पुढे सरकलं असेल, दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. मग दुकानातून कॉस्टिक सोडा आणला. तो टाकल्यावर पाइपात काही तरी खदखदलं, मोरीला साबणासारखा वास सुटला आणि पाणी पूर्ण थांबलं. मग बांबूची लांब कामटी. ती वळणापर्यंत गेली आणि तिथंच मोडली. तिचा वीतभर तुकडा आत राहिला. मग टॉयलेट धुवायचं अ‍ॅसिड. दुकानदार म्हणाला, "तेज है, देखके डालो." मी न पाहता टाकलं. मोरीच्या फरशीवरची चकाकी गेली, जाळीचा पितळी रंग गेला, पाणी तिथंच.

पालिकेत तक्रार केली तीही माझ्याच चुकीनं वाया गेली. मी घाईत हिंदीत सांगितलं, ‘मोरी भर गयी’. आमच्या घरी मोरी म्हणजे आंघोळीची जागा. तेलुगू बोलणाऱ्यांना मोरी म्हणजे रस्त्याकडेची नाली. दुसऱ्याच दिवशी दोन माणसं आली, घराच्या पुढची नाली झकास साफ केली आणि माझी सही मागितली. मी त्यांना आत आणून दाखवलं तेव्हा त्यांतला थोरला म्हणाला, "ये तो आपके घर का पाइप है अम्मा. ये आपको करना." त्याचं खरं होतं. मी सही दिली.

पुढची बाई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. माणसं गेल्यावर ती हसली. मोठ्यानं नाही, पण मला दिसेल एवढं.

त्या रविवारी मी पुन्हा तिच्या दारात गेले. या वेळी ठरवून, नीट बोलायचं म्हणून. दादा दुकानात होते, म्हातारे दादाजी खुर्चीत.

"वहिनी, चेंबर उघडल्याबिगर हे होत नाही. एक फरशी काढावी लागंन. मी नवी बसवून देते."

"माहा बोळ नाई फोडू देत मी."

"मग पाणी जाईन कसं?"

"हातानं काहाडून घ्या न तुमच्या मोरीतून. तुमच्यातला एखादा माणूस आणा. तुमच्या लोकायले काय, सवय हाये."

दादाजींनी रेडिओचा आवाज वाढवला. त्यांना ऐकू आलं होतं, हे मला त्यावरून कळलं.

आम्ही बौद्ध. माझा बाप वांकिडीकडच्या गावात दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण करायचा. त्यानं आयुष्यात कोणाची नाली उपसली नाही आणि मला शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की कोणी हात लाव म्हटलं म्हणून घाणीला हात लावायचा नाही. त्यानं हात लावला असता तरी त्या बाईला ते बोलायचा हक्क नव्हता. तिला फरक माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायचाही नव्हता. तिच्या लेखी आम्ही सगळे एकच, आणि आमचं काम तिनं ठरवलेलं.

कचेरीत मी आडमुठ्या लोकांना चार भाषांत गप्प करते. तिथं माझी जीभ हललीच नाही. मी परत आले आणि तुंबलेल्या मोरीच्या कडेला बसून रडले. रडू ओसरल्यावर फक्त राग उरला, आणि तो बरेच दिवस पुरला.

मला कागद कळतात. मी दोन्ही घरांच्या बांधकामाच्या नकाशाची नक्कल काढली. त्यात पाइप होता, चेंबर होतं, आणि चेंबर दोन्ही घरांचं म्हणून स्पष्ट लिहिलेलं होतं. ती नक्कल दादांच्या हातात दिली. दादा कागद उलटसुलट करत म्हणाले, "पाहू. दुकानाचा सीझन होऊ द्या." आतून तिचा आवाज आला, "कचेरी तिकडं ठेवा म्हणावं, घरी नोका आणू."

नवरा म्हणाला, वकिलाकडे जाऊ. मी म्हटलं, त्याला वर्ष लागेल. तो म्हणाला, मग एखादा जाणता प्लंबर बोलावू, तो तिला समजावेल. मी म्हटलं, तिला समजवायचं नाही मला. तो दोन दिवसांसाठी गावी गेला, त्याच्या भावाकडे काम होतं. तो घरी असता तर मी पुढची गोष्ट केली नसती.

शनिवारी सकाळी मी एक जुनं पोतं घेतलं, त्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं, सुतळीनं करकचून बांधून त्याचा बोळा केला आणि आमच्या पाइपाच्या तोंडात ठोकून बसवला. वर वीट ठेवली. आता त्यांचं पाणी आमच्याकडे येणार नव्हतं. आमचंही जाणार नव्हतं, पण मी ते सोसायला तयार होते. भांडी परसात घासली, आंघोळीचं पाणी टबात धरून बादलीनं पपईच्या झाडाला घातलं. कंबर मोडून गेली. पण दुपारी पुढच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला, तेव्हा मला जे वाटलं ते लपवणार नाही. आनंद झाला. चेंबर भरलं, पाइप भरला, आणि पाण्याला दुसरी वाट नसल्यामुळे ते अखेर त्यांच्या बाथरूममध्ये चढलं.

ती बोळात येऊन म्हणाली, "तुमचं पाणी आमच्याकडं आलं!"

मी कपडे वाळत घालत होते. "पाण्यावर नाव लिहिलं हाये काय, वहिनी?"

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

रविवारी दुपार. मी चहा ठेवला होता. आधी खोकल्याचा आवाज आला, एकसारखा, श्वास न घेता. मग दादाजींची हाक, त्यांच्या फाटक्या आवाजात, "बाई! धावा व! सून पडली!"

मी धावले. त्यांच्या दारातच नाकात काही तरी घुसलं, डोळे चरचरले. बाथरूमचं दार उघडं होतं आणि दादाजी भिंतीला धरून आत जायच्या बेतात होते. मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. आत ती उंबऱ्याशी गुडघ्यावर पडली होती, तोंड उघडं, आवाज निघत नव्हता. बाजूला अ‍ॅसिडची बाटली आणि ब्लिचिंग पावडरचं रिकामं पाकीट लोळत होतं. तिनं सकाळी जाळीत ब्लिचिंग पावडर भरपूर ओतली होती, पाणी हललं नाही म्हणून दुपारी त्यावर अ‍ॅसिड. दोन्ही मिळून वाफ उठली होती. खिडकी नसलेली, दोन पावलांची खोली.

मी ओढणी बादलीत बुडवून तोंडावर धरली, श्वास रोखला, तिला काखेतून धरलं आणि ओढलं. ती जड होती. तिचा पदर दाराच्या कडीत अडकला, तो मी फाडला. बोळात आणून तिला भिंतीला टेकवलं, तोंडावर आणि डोळ्यांवर पाणी मारत राहिले. दादाजींना रस्त्यावर जाऊन बसायला सांगितलं, त्यांचाही श्वास घरघरत होता. शेजाऱ्यानं ऑटो आणला. दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ती माझं मनगट धरून होती, आणि तिची नखं रुतत होती.

सरकारी दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरनं विचारलं, काय काय मिसळलं? मी सांगितलं. तो म्हणाला, अजून थोडा वेळ आत राहिली असती तर अवघड होतं. दादा दुकान उघडं टाकून धावत आले. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. मी तिथं उभी राहू शकले नाही.

घरी येऊन मी वीट बाजूला केली आणि बोळा उपसला. पाणी भसकन आमच्या मोरीत आलं, त्या वासासकट. मी दारं-खिडक्या उघडून बाहेर पपईखाली जाऊन बसले. बोळा परसातल्या कचऱ्यात पुरला. नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो पायातल्या चपला न काढता ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्यांना सांग." मी म्हटलं, "सांगते." सांगितलं नाही.

ती तीन दिवसांनी घरी आली. घसा बसलेला, चालताना थांबत होती. मला वाटलं होतं काही बोलेल. ती माझ्याकडे न पाहता आत गेली. पण दादांनी त्याच दिवशी प्लंबर बोलावला आणि स्वतः हातोडी घेऊन फरशी फोडायला बसले.

प्लंबर पन्नाशीचा होता, दाढीत पांढरे केस. मला वाटलं तो लगेच तारेची लांब स्प्रिंग काढून पाइपात घालेल. त्यानं आधी काहीच काढलं नाही. बोळात बसून प्रश्न विचारायला लागला. एकच मोरी भरते का सगळ्या? पाणी ओतल्या ओतल्या चढतं, की आधी थोडं जातं? रस्त्याच्या नालीत पाइपाच्या तोंडातून थेंब तरी पडतो का? मग त्यानं चेंबरमध्ये बादलीनं पाणी ओतून पाहिलं. एक बादलीही पुरती गेली नाही, अर्ध्यातच पाणी वर आलं.

"नजदीकच है," तो म्हणाला. "चेंबर के आगे हात-दोन हात."

मी म्हटलं, अ‍ॅसिडनं का नाही गेलं?

"मॅडम, अ‍ॅसिड तेल को नै काटता. पाइप का जोड खा जाता. कॉस्टिक काटता, मगर साबण बनके आगे जाके जम जाता. गरम पानी से पिघलता, आगे ठंडा हुआ के फिर जमता. पैले देखना क्या अटका है, किधर अटका है. बाद में हात लगाना." मग त्यानं जोडलं, "हात बोले तो औजार. मैं हात नै डालता."

दादा, दादाजी, माझा नवरा, मी आणि ती, सगळे बोळात होतो. ती पायरीवर बसली होती, तोंडाला पदर. प्लंबरनं तारेची स्प्रिंग घालून फिरवायला सुरुवात केली. आधी वाहत तिथवर गेलेली माझी मोडकी कामटी आली, तिला केसांचा गुंता. केस आमचेच, लांब. मग पिवळट पांढरा थर, मेणासारखा, तुकड्या-तुकड्यानं. बेसन आणि तेल. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

मग स्प्रिंग अडली. पुढे सरकेना. त्यानं पाइपाचा तेवढा भाग खणून मोकळा केला, करवतीनं कापला आणि तुकडा आमच्यापुढे धरला. तळाशी दगडासारखा गोळा होता, आणि त्यात निळसर झाक.

मी तो रंग ओळखला. आमची मोरी आम्ही घर घेतल्यावर नव्यानं बांधून घेतली होती. टाइलांच्या फटींत भरायला निळा रंग मिसळलेलं सिमेंट मीच पसंत केलं होतं. गवंड्यानं घमेलं मोरीतच धुतलं असणार.

"शिमीट!" ती बसक्या आवाजात म्हणाली. "आता सांगा, मॅडम. शेव कुठी हाये? हे तं तुमच्या मोरीचं शिमीट!"

"दोनो का है," प्लंबर म्हणाला. "सीमेंट नै रैता तो तेल नै अटकता. तेल नै रैता तो सीमेंट के उपर से पानी जाता."

तो एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो कामाचा माणूस होता. त्यानं दादांना विचारलं, तुमच्या बाथरूममध्ये पाणी किती दिवस चढत होतं?

"दोनच दिवस," दादा म्हणाले. "मंग आपोआप उतरलं."

"आप ही आप नै उतरता." त्यानं बोळाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, डोळ्यांनी उतार मोजला. "तुम्हारा घर उंचा है. पीछे का घर खुला रैता तो पानी पैले पीछे जाता. तुम्हारे में आयाच कैसा?"

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मी बोळा लावला होता. आमच्या पाइपाले. तुमच्याकडं चढावं म्हणून."

ती पायरीवरून उठली. उठताना खोकला आला, तो आवरून ती म्हणाली, "मले मारायला निघाली होती ही!"

"मी तुमाले बाहेर ओढलं, वहिनी."

"पैले ढकललं, मंग ओढलं!"

मला राहवेना. मी दादांना म्हटलं, "तुमच्या बायकोनं मले काय म्हटलं ते विचारा. तुमच्यातला माणूस आणा, हातानं काहाडून घ्या, सवय हाये तुमच्या लोकायले. दादाजी इथंच बसले होते."

दादा तिच्याकडे वळले. "असं म्हणली तू?"

"म्हणली असंन. नाल्या कोन साफ करते मंग? आमी करतो काय?"

"ज्याची नाली तो करंन," मी म्हटलं. "मी माही करंन, तुमी तुमची करा. माह्या बापाच्या जातीले त्यात ओढायचं नाई."

प्लंबर करवत पुसत होता. दादाजी खुर्चीतून उठले, रेडिओ काखेत घेतला आणि आत गेले. ते माझ्यावर चिडले की सुनेवर, मला कळलं नाही. दादांनी प्लंबरला नवा पाइप टाकायला सांगितलं. काम चोख झालं. फरशीत चौकोन कापून त्यावर लोखंडी कडीचं झाकण बसलं. प्लंबरनं जाताना दोन्ही घरांना वेगवेगळं सांगितलं. तिला सांगितलं, कढई आधी कागदानं पुसा, बेसनाचे हात बादलीत धुवा, ते पाणी पाइपात टाकू नका. मला सांगितलं, जाळीवर बारीक जाळी बसवा, केस काढा, गवंडी आला तर घमेलं बाहेर धुवायला लावा. महिन्यातून एकदा झाकण उघडून पाहा. अ‍ॅसिडची बाटली दोघींनीही घरात आणू नका.

मला तिच्याशी इतकाही संबंध नको होता. मी नवऱ्याला म्हटलं, आपण आपलं पाणी परसातच जिरवू, शोषखड्डा खणू. प्लंबर पुन्हा आला, परसात हातभर खड्डा घेऊन त्यात पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर पाणी जवळजवळ तेवढंच. "काली मिट्टी है," तो म्हणाला. "पीती नै. बरसात में तो वापस उगलेगी." दादांनीही आपला पाइप वेगळा काढायचा बेत केला होता, पण बोळात पाण्याच्या लाइनीमुळे दुसऱ्या पाइपाला जागा नव्हती. म्हणजे आम्ही बांधलेले तसेच.

याला आता वर्ष होत आलं. दर महिन्याला एका रविवारी झाकण उघडतं. दादा दुकानात असतात, नवरा मुद्दाम बाहेर जातो. मी झाकण उचलते, ती टॉर्च धरते. दोघी आत पाहतो. तेलाचा थर दिसला तर मी नुसतं बोट दाखवते. केस दिसले तर ती दाखवते. मग जिचं असेल ती खरवडणी आणि हातमोजे घेऊन काढते आणि दुसरी उभी राहून पाहते. पाइप त्यानंतर एकदाही तुंबला नाही. दादाजींनी खुर्ची बोळातून उचलून रस्त्याच्या बाजूला नेली. मी येते-जाते तेव्हा ते मान हलवतात, पण गर्दी होती का असं आता विचारत नाहीत. ते मला तिच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

थंडीत तिचा खोकला वाढतो. भिंतीपलीकडून मला तो ऐकू येतो. तिनं जे म्हटलं त्याची माफी तिनं मागितली नाही, आणि मला वाटत नाही ती कधी मागेल. मीही मागितलेली नाही. या डिसेंबरात एका सकाळी खोकला इतका वेळ चालला की मी मनाशी एक वाक्य तयार केलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि तिच्या दारात गेले. ती कढईखालचा जाळ कमी करत होती.

"आता काय हाये?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "पाणी नीट जाऊन राह्यलं काय?"

"जाते," ती म्हणाली, आणि कढईकडे वळली.